काटा आणि पाणी

जुन्या लष्करी ट्रकचा टेम्परेचर मीटर बिघडलाय, असं सांगत कुणी आलं की मी आधी मीटरकडे बघत नाही. इंजिन थंड असलं तर रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघतो. काटा खाली पडून राहिला म्हणजे मीटर गेलाच असं नाही. हेडमधलं पाणी उतरलं की मीटरचा बल्ब हवेच्या कप्प्यात उघडा पडतो, आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा निवांत खालीच दिसतो. अशा वेळी मीटर बदलत बसलं तर हेड वाकतं.

पाणी भरलेलं असेल, तर मग मीटरची पाळी. दुसऱ्या महायुद्धातल्या डॉज वेपन कॅरिअरचंच घ्या. पाऊण टनी, फोर बाय फोर, १९४२ ते १९४५ या काळात बनलेली गाडी. युद्धानंतर अशा अमेरिकन गाड्या आपल्याकडे डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या आणि पुढे कितीतरी वर्षं राबल्या. हिच्या टेम्परेचर मीटरला वायर नसते. हेडमध्ये पितळी बल्ब, त्यात इथर, तिथून डॅशबोर्डापर्यंत सुईसारखी बारीक तांब्याची नळी आणि मीटरच्या पोटात बूर्दोंची वाकडी, चपटी नळी. जत्रेतली कागदी पुंगी फुंकली की उलगडते, तशी ही दाबाने किंचित सरळ होते आणि काटा ढकलते.

या रचनेवर माझा फार जीव आहे. इथर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. १०० फॅरनहाइटला त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम जास्त असतो. २१२ ला तो सहापटींच्या पुढे जातो. म्हणून डायलवर खालचे आकडे दाटीने बसलेत आणि वरचे ऐसपैस. ड्रायव्हरची नजर जिथे हवी, तिथेच काटा मोठी पावलं टाकतो. शिवाय बल्बात थोडं जरी द्रव शिल्लक असलं, तरी दाब ठरतो तो त्या द्रवाच्या तापमानावरच. मधली नळी गरम बॉनेटखालून गेली काय आणि गार केबिनमधून गेली काय, फरक पडत नाही.

बिघाड बहुतेक वेळा नळीतच सापडतो. फायरवॉलच्या भोकातलं रबर झडलेलं असतं, पत्र्याची धार वर्षानुवर्षं तांब्याला घासत राहते आणि केसाएवढी चीर पडते. इथर उडून जातं, काटा मरतो. विजेच्या मीटरचं निदान त्या मानाने सोपं: सेंडरची वायर काढून बॉडीला टेकवायची, काटा एका टोकाला गेला की मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये. इथे तशी सोय नाही. बल्ब बाहेर काढावाच लागतो, आणि धोका त्या काढण्यातच आहे. बल्बाचं नट गंजाने बल्बालाच धरलेलं असतं. पाना लावून नुसतं फिरवलं तर नळीही पिळवटते आणि तुटते. रात्रभर तेल मुरू द्यायचं. मग एका हाताने नळी स्थिर धरायची आणि नट पुढे-मागे हलवत राहायचं, ते एकटं फिरतंय असं बोटांना कळेपर्यंत.

बल्ब सुटला की पातेल्यात पाणी, शेजारी काचेचा थर्मामीटर. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे साधारण २०८ फॅरनहाइट. इथे उकळत्या पाण्यात काटा २१२ दाखवत असेल, तर तो चार अंश पुढे आहे. फरक सगळीकडे सारखा असेल तर काटा उचलून पुन्हा बसवला की झालं. काटा हललाच नाही, तर इथर गेलेलं आहे.

तरीही जुना मीटर फेकू नये. नव्या मीटरचा बल्ब बर्फ-मिठात बुडवून ठेवायचा, म्हणजे आतलं द्रव बल्बातच बसून राहतं. मग त्याची नळी कापून, छोट्या जोडनळीतून जुन्या मीटरच्या नळीला झाळायची. झाळताना कथील आत शिरून वाट बंद होऊ नये आणि जवळपास ज्योत अजिबात नको, इथर भडकतं. जुना डायल, जुना काटा जागेवर राहतो. उकळत्या पाण्याची परीक्षा मात्र पुन्हा घ्यायची, कारण नवा बल्ब जुन्या डायलशी जुळेलच असं नाही.

गाडी परत देताना मी मालकाला एक गोष्ट आवर्जून सांगतो. घाट चढून इंजिन लगेच बंद केलं, तर काटा आणखी वर चढेल. तो मीटरचा दोष नव्हे. पंप थांबतो आणि लोखंडातली उष्णता उभ्या पाण्यात उतरत राहते. माथ्यावर पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन आयडलला चालू ठेवा, मगच किल्ली फिरवा.