कायमचा पत्ता

महाविद्यालयात नाव घालताना अर्जात दोन रकाने होते : 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. पहिल्यात वसतिगृहाचे नाव लिहिले. दुसऱ्यापाशी लेखणी अडली. आटपाडी तालुक्यातल्या आमच्या वस्तीला ना गल्ली, ना घरनंबर. आमची पत्रे येतात ती 'द्वारा किराणा दुकान' अशी. दुकानदार ती ठेवून घेतो आणि माळावरून जाणारा कुणीतरी आमच्या दारात आणून टाकतो. चौदा घरे त्या एकाच पत्त्यावर नांदतात. "एवढाच पत्ता?" कारकुनाने विचारले. मी खाली मान घालून "हो" म्हणालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या दिवशी मनात आले, आपल्याला धड पत्तासुद्धा नाही!

ही आठवण पुन्हा ताजी झाली ती एका जुन्या संगणकामुळे.

आमची आजी २०२० च्या टाळेबंदीत गेली. आत्या भिवंडीला. तिला शेवटचे तोंडही पाहता आले नाही. आजी जात्यावर ओव्या म्हणायची. वडिलांनी तरुणपणी टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा त्यांनी त्या नऊ कॅसेटींत भरून ठेवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. या कामात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटेच लागतात. जात्याची घरघर, मध्येच कोंबडा, आणि त्यावर आजीचा आवाज. आई चुलीपुढे बसून ऐकत राही आणि भाकरी करपून जाई.

एक मित्र म्हणाला, "यूट्यूबवर टाक की!" पण त्या ओव्यांत घरच्या माणसांची नावे आहेत, सासुरवासाच्या गोष्टी आहेत. आई म्हणाली, "घरातलं घरातच ऱ्हाऊ दे. चव्हाट्यावर नगं." म्हणून मी जुन्या संगणकावर 'जेलीफिन' बसवले. घरातली गाणी, चित्रफिती एका ठिकाणी ठेवून त्या फोनवर ऐकवणारा-दाखवणारा हा सर्व्हर आहे. 'एम्बी' नावाची अशीच प्रणाली बंदिस्त झाली, तेव्हा २०१८ मध्ये काही मंडळींनी तिच्यातून ही मोफत आणि खुली शाखा काढली. घरी वायफायवर सारे झकास चालले. फोनमध्ये १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आणि ८०९६ हे दार टाकले, की आजी गाऊ लागे.

सांगलीला वसतिगृहात परतलो आणि तोच पत्ता टाकला. काहीच नाही! मग वाचून कळले, की १९२.१६८ चे पत्ते घरगुती असतात. लाखो घरांत तेच आकडे. गावात 'आबांचं घर' म्हटले तर कळते; सांगलीच्या स्टँडवर कोण सांगणार? दिवाळीत घरी जाऊन मी राऊटरमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या त्या डब्यात, ८०९६ चे दार उघडून दिले आणि डब्याचा बाहेरचा पत्ता लिहून आणला. तरीही काही नाही. पंधरा दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. इंग्रजी कच्चे, म्हणून वाचण्यात काही चुकले असेल असे वाटे.

शेवटी एका रात्री आईला फोन लावला. आई चौथी शिकलेली. इंग्रजी आकडे तिला फोनमुळेच ओळखू येऊ लागले. मी तिला दोन पाने उघडायला लावली. एक डब्याचे, त्यात डब्याला मिळालेला पत्ता दिसतो. दुसरे, बाहेरच्या जगाला आपला कोणता पत्ता दिसतो ते सांगणारे. आई एकेक आकडा वाचू लागली, "एक, शून्य, शून्य, टिंब..." मी लिहून घेत होतो. मग दुसरे पान उघडून ती थांबली. "बाळा, हितं येगळाच आकडा दावतंय. ह्यो आपला न्हाई."

पंधरा दिवस मला न सापडलेला दोष आईने एका वाक्यात सांगितला होता.

इंटरनेटच्या पत्त्यांची आजही चालू असलेली जुनी पद्धत १९८१ सालची. तिच्यात एकंदर सुमारे ४२९ कोटीच पत्ते बसतात. आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्ये तळाला गेला. एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटण्याचा मार्ग कंपन्यांनी धरला आणि २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ असा पट्टा राखून ठेवला गेला. आमच्या डब्याचा पत्ता त्यातलाच होता. म्हणजे इथेही आम्ही 'द्वारा'च! घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरून कुणाला आमचे दार ठोठावता येत नाही. मी उघडलेले दार खरेच उघडे होते; पण त्याच्यापुढे कंपनीचा वाडा होता आणि त्या वाड्याची किल्ली माझ्याकडे नव्हती. स्वतंत्र पत्ता हवा तर दरमहा जास्तीचे पैसे. ते शक्य नव्हते.

यावर उपाय साधाच निघाला. बाहेरून आत जाता येत नसेल, तर आतल्याने आधी बाहेर हाक मारावी. 'टेलस्केल' हे तेच करते. घरचा संगणक आणि आपला फोन, दोघेही आपापल्या बाजूने बाहेर पडून एका ठिकाणी ओळख पटवतात आणि मग त्यांच्यात कुलूपबंद वाट तयार होते. राऊटरमधले दार मग उघडे ठेवावे लागत नाही. ते मी बंदही केले. मात्र एवढे बसवायला एस. टी.ने गावी जावेच लागले. काही गाठी दुरून सुटत नाहीत.

परत आलो. रात्री फोनवर आजीचा आवाज ऐकला. आत्याच्या मुलाच्या फोनवरही तेच बसवून दिले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा सारे बंद! पुन्हा राऊटर, पुन्हा आकडे. शेवटी आईला विचारले. ती म्हणाली, "कुणी ऐकत नसताना यंत्र कशाला चालू? बिल काय झाडाला लागतंय?" तिने भिंतीवरचा खटकाच बंद केला होता.

मी रागावणार होतो, पण रागावलो नाही. त्या बिलाचे पैसे आई-वडील कसे जमवतात ते मला ठाऊक आहे. आम्ही वेळ ठरवली : रात्री आठ ते नऊ. वीज आली की संगणक आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था मी आधीच केली होती. बंद करताना बटण एकदाच दाबायचे, पंखा थांबला की मगच खटका, हे आईने पाठ केले.

पहिल्या दिवशी आठ वाजता आईने खटका दाबला. मी भिवंडीला फोन लावला. पलीकडून जात्याची घरघर ऐकू येत होती. आत्या काही बोलत नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाळा, वहिनीला सांग, उद्यापण खटका दाब म्हणावं."

यंदा अर्ज भरताना 'कायमचा पत्ता' या रकान्यात मी पुन्हा 'द्वारा किराणा दुकान' असेच लिहिले. या खेपेस लेखणी अडली नाही.