बरगड्यांची रेघ

अंगठ्याचा सांधा धरल्यापासून ठसा कोरताना लिनोवर बारीक हत्यार वळत नाही. सरळ रेघ अजून जाते. बरगडीची कमान मात्र अर्ध्यावर अडते आणि तिथं ओरखडा उमटतो. लोक मला ज्या रेघेवरून ओळखत, ती हीच.

या रेघेशी माझं भांडण जुनं आहे. उपाशी माणसाच्या बरगड्या कोरायला घेतल्या की एकाखाली एक कमानी येतात, हाताला लय सापडते आणि बघता बघता नक्षी होते. ठसा देखणा उतरतो, भूक नाहीशी होते.

चित्रकार चित्तप्रसादांना हे कसं टाळता आलं, ते मी अजून शोधतो आहे. 1943 च्या नोव्हेंबरात, बंगालच्या दुष्काळात, ते मिदनापूरच्या गावागावांतून भुकेली माणसं रेखाटत हिंडले. आदल्या वर्षी तिथं चक्रीवादळ झालं होतं. जपानी येतील या धास्तीनं सरकारनं किनाऱ्याकडच्या होड्या आणि तांदूळ काढून घेतला होता. चले जाव चळवळीमुळे जिल्ह्यावर सरकारचा रोषही होता. त्या चित्रांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक मुंबईत छापलं गेलं, आणि इंग्रज सरकारनं 5000 प्रती जप्त करून जाळल्या. त्यांच्या घरच्यांनी जपलेल्या एका प्रतीमुळे आज आपल्याला ती चित्रं पाहता येतात.

ती शाईची रेखाटनं, लिनो नव्हे. पण चित्राशेजारी ते त्या माणसाचं नाव, गाव लिहीत. नाव वाचलं की बरगड्या कुणाच्या तरी होतात.

मीही नावं कोरून पाहिली. लिनोत अक्षर उलटं कोरावं लागतं. माझा जीव त्याच्या वळणात अडकला, आणि बघणाऱ्यांनीही वळणाचंच कौतुक केलं. मला ते आवडलं, हेही खरं.

हल्ली काही जण फोटो संगणकावर काळापांढरा करून लेझरनं लिनो कापून घेतात. काम साफ येतं. पण बरगडी कोरताना कुठं थांबायचं, हा प्रश्नच त्यांना पडत नाही, आणि मला तर त्या प्रश्नाखेरीज या कामात दुसरं काही महत्त्वाचं वाटत नाही. चित्तप्रसादांनी पुढं अंधेरीला राहून राबणाऱ्या मुलांची लिनोकटं केली. त्यांतला काळा रंग या मंडळींनी एकदा जवळून पाहावा.

माझ्याकडे शिकणारी मुलगी म्हणते, “सर, तुटलेल्या रेघेचा ठसा जास्त खरा आहे.” बहुधा तिचं बरोबर आहे. तरी कुणी घरी आलं की मी जुनाच ठसा आधी काढतो, आणि ती अखंड कमान पाहून समोरचा काय म्हणतो, याकडे माझे कान लागलेले असतात.