योगेश्वरीच्या अंगणातली शाळा

परळी मागे पडली की रस्ता बालाघाटाच्या अंगावर चढू लागतो. दोन्ही बाजूंना उघडा खडक आणि अधूनमधून सीताफळाची झुडपे, श्रावणात हिरवीगार, चैत्रात धुळीच्या रंगाची. चढ संपतो, पठार मोकळे होते आणि जयंती नदीच्या काठाने अंबाजोगाई दिसू लागते. इथली हवा खालच्यापेक्षा थोडी हलकी, संध्याकाळ लवकर निवणारी. सकाळी एसटी स्टँडवर उतरणाऱ्या गर्दीत दोन प्रकारची माणसे ठळकपणे दिसतात. काहींच्या हातात ओटीचे सामान असते, काहींच्या पाठीवर दप्तर. देवीला आलेली आणि शिकायला आलेली ही माणसे एकाच रिक्षात दाटीवाटीने बसतात, आणि दोघांच्याही तोंडी नाव एकच असते: योगेश्वरी.

कोकणस्थांची ही कुलदेवता कोकणापासून इतक्या दूर, मराठवाड्याच्या पठारावर कशी, याची कथा गावात घरोघरी सांगतात. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले, वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडातल्या हत्तींसकट सारे दगड झाले. हत्तीखान्याची लेणी पाहताना ही कथा खोटी वाटत नाही, एवढे ते दगडी हत्ती खरे आहेत. मार्गशीर्षात देवीचा मोठा उत्सव असतो. सुगीच्या मधला तो थंड आठवडा गावाचा सर्वांत देखणा काळ.

पण अंबाजोगाईला केवळ देवीचे गाव म्हणणे म्हणजे तिची अर्धीच ओळख सांगणे. गावाबाहेरच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे ११८८ सालचा मानतात आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतात. विदर्भातले आंभोरे हेच मुकुंदराजांचे गाव, असाही दावा आहे आणि अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. तरी पावसाळ्यात त्या दरीच्या कड्यावर उभे राहिले की कोणालाही वाटेल, ग्रंथ लिहायला याहून योग्य जागा शोधूनही सापडायची नाही. सोळाव्या शतकातल्या दासोपंतांची समाधीही इथलीच. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारा आणि लांबलचक कापडाच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ मांडणारा हा माणूस लिहिण्याच्या हौसेला कोणतीही सीमा मानत नव्हता. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या काळचे शिलालेखही गावात आहेत. दगडावर, कापडावर, कागदावर, मिळेल त्या गोष्टीवर या गावाने अक्षरे उमटवली.

निजामाच्या राज्यात या गावाचे नाव मोमिनाबाद झाले आणि इथे घोडदळाची छावणी पडली. कारभार उर्दूत चाले. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. इंग्रजीला बाजूला सारून देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग खरोखर मोठा होता, त्याचे श्रेय नाकारू नये. पण केज-धारूरच्या कुणब्याच्या मुलाला इंग्रजी जितकी परकी, तितकीच उर्दूही. आईच्या तोंडून ऐकलेली भाषा शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवून त्याला आत जावे लागे.

या पार्श्वभूमीवर १९३५ च्या सुमारास एक भगव्या वस्त्रातला मास्तर अंबाजोगाईत आला. स्वामी रामानंद तीर्थ. मूळचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, जन्म १९०३. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेले, काही काळ कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले. त्यांनी संन्यास घेतला तो जग सोडण्यासाठी नव्हे. आधी त्यांनी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा मुख्याध्यापक म्हणून सांभाळली होती. तिथून निघाल्यावर सहकारी बाबासाहेब परांजपे यांच्यासह ते इथे आले आणि योगेश्वरीच्या नावाने चालणाऱ्या विद्यालयात दोघांनी जीव ओतला.

संस्थानात सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ प्रमाणे परवानगी काढावी लागे. ज्या राज्यात चार माणसांनी एकत्र बसणेही संशयाचे, तिथे शंभर मुलांना रोज एकत्र बसवण्याची मुभा फक्त शाळेला होती. त्या शाळेवर गावदेवीचे नाव आणि शिक्षकाच्या अंगावर भगवी वस्त्रे असल्याने तिला थोडे अधिक संरक्षण मिळाले असावे, असे वाटते. देवीच्या नावाचा याहून चांगला उपयोग या मुलखात क्वचितच कोणी केला असेल.

धर्माच्या आधाराने डोंगराळ मुलखात शिक्षण नेण्याची ही वाट जगाला नवी नव्हती. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पायथ्याशी जॉन फी नावाच्या पाद्र्याने १८५५ साली बेरिआची शाळा काढली, पुढे तिचे महाविद्यालय झाले. गोऱ्या आणि काळ्या मुलांना तिथे एकत्र शिकवत, ते १९०४ च्या कायद्याने बंद पाडेपर्यंत. गरीब मुलांनी काम करायचे आणि शिकायचे, ही तिथली रीत आजही आहे. बीडच्या शेजारी नगरला डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली ख्रिस्ती प्रेरणेतून अहमदनगर महाविद्यालय उभारले आणि दुष्काळी तालुक्यांतल्या सर्व जातिधर्मांच्या मुलांना ते खुले ठेवले. चर्च असो वा देऊळ, जिथे सरकार पोचत नाही तिथे श्रद्धेच्या जोरावर उभी राहिलेली शाळाच आधी पोचते. मात्र ती सर्वांची झाली, तरच तिचे मोल.

स्वामीजी अंबाजोगाईत फार दिवस राहिले नाहीत. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली तेव्हा त्यांनी खडू ठेवला, सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यांतले कित्येक नागपूर विद्यापीठात गेले. घराजवळ कॉलेज नसणे म्हणजे काय, हे त्या पिढीने अंगावर झेलून शिकून घेतले. परांजपे पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बीडमधून निवडून आले.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले आणि मराठवाड्यात शिक्षणाचा जणू बांध फुटला. १९५० साली स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय निघाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. अंबाजोगाईचे योगेश्वरी महाविद्यालय याच काळातले. पठाराच्या चहूबाजूंची मुले मॅट्रिक होऊन इथे येऊ लागली. कोणी खोली करून राहत, कोणी नातेवाइकांकडे. घरून आलेल्या भाकरीच्या गाठोड्यावर कित्येकांच्या पदव्या निघाल्या. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावच्या साध्या शेतकरी कुटुंबातले गोपीनाथ मुंडे अंबाजोगाईत कॉलेजला आले आणि इथेच त्यांची प्रमोद महाजनांशी गाठ पडली. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, ज्या गावात अशी दोन मुले एकमेकांना भेटू शकली, त्या गावाच्या कॉलेजने आपले काम केले होते, हे मान्य करावे लागते.

पुढची वाढ झपाट्याची. १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. तालुक्याच्या गावात मेडिकल कॉलेज ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. आज बाळंतीण असो की सर्पदंशाचा रुग्ण, डोंगरातली गाडी आधी इकडेच वळते. खोलेश्वराच्या नावाचे महाविद्यालय झाले, तंत्रनिकेतन झाले, अभियांत्रिकी आले. १९८३ साली व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. विवेकसिंधूच्या गावी ते भरणे किती उचित होते!

पण याच पठारावरून दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायकोचा एक कोयता, सोबत लहान लेकरे, आणि परत यायला मार्च-एप्रिल. कॉलेजचे सत्र आणि उसाचा हंगाम एकमेकांवर आदळतात. थोरली मुलगी शिकायला मागे ठेवायची तर ती राहणार कुठे, हा प्रश्न सुटला नाही की तिचे लग्न उरकले जाते. भगव्या वस्त्रातल्या त्या मास्तराने ज्या मुलांसाठी शाळा चालवली, त्यांचीच ही आजची लेकरे आहेत. इमारती वाढल्या याचा अभिमान जरूर असावा, पण अंबाजोगाईला आज आणखी एका इमारतीपेक्षा मुलींच्या वसतिगृहातल्या खाटांची गरज जास्त आहे. इथे शिकून पुण्या-मुंबईला, अमेरिकेला गेलेल्यांची संख्या लहान नाही. मार्गशीर्षात ते देवीच्या दर्शनाला येतात, ओटी भरतात. या वर्षी येतील तेव्हा त्यांनी कोयत्यावर गेलेल्या घरातल्या एका मुलीच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च उचलावा.