मिस

परवा नातवाचा फोन आला. ठेवताना म्हणाला, "आजी, आय मिस यू."

मी जन्मभर वर्गात या क्रियापदाचा अर्थ 'चुकणे' असाच शिकवला. वाक्यही ठरलेलं : माझी एसटी चुकली.

एकदा खरंच चुकली. कुडपणला आई आजारी होती. शाळेतून निघायला मलाच उशीर झाला आणि पोलादपूरला गाडी निघून गेलेली. घरी पोचले, तोवर आईची भेटही चुकली होती.

चुकणं आणि आठवण येणं एकाच शब्दात कसं, याचं मला नवल वाटायचं. पण माणूस गेला की आपणही म्हणतोच ना, घरात चुकल्याचुकल्यासारखं वाटतं!

नातवाला म्हटलं, "मलाही तसंच होतंय रे. सुट्टीत ये. गाडी मात्र चुकवू नकोस."