खिंडसीच्या काठावर

रविवारी नागपूरकर रामटेकला आले, की गडावर दर्शन घेऊन हमखास खिंडसी तलावाकडे वळतात. बोटिंग, गरम भजी, फोटो, आणि अंधार पडायच्या आत गाड्या मनसरच्या रस्त्याला लागलेल्या. आज मी मात्र मागे थांबले.

हा तलाव सहलीसाठी झालेला नाही. सूर नदी अडवून 1913 साली हे धरण बांधलं, ते शेतीला पाणी मिळावं म्हणून. आजही पाऊस लांबला की इथल्या धान उत्पादकाची नजर आधी या पाण्याच्या पातळीवर जाते.

काठावर एक ढिवर बाई जाळं सोडवत बसल्या होत्या. गुंत्यातून त्यांनी चिप्सचं रिकामं पाकीट काढलं, मग दुसरं, मग बाटलीचं झाकण. मासोळी शेवटी, बोटभर. "मावशी, रोजचंच का हे?" असं विचारलं. "सोमवारी जास्त राह्यते," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा जाळ्यात बोटं घातली.

पर्यटनानं गावाला रोजगार दिला, हे खरंच आहे. बोट चालवणारे, चहा विकणारे, खोल्या झाडणारे हात इथलेच. पण ज्यांचं पोट या पाण्यावर आहे, त्यांना तलावाच्या कारभारात पहिला शब्द मिळायला हवा. आपण इथले पाहुणे आहोत. पाहुण्यानं घर घाण करून जाऊ नये, एवढी रीत तरी आपण पाळलीच पाहिजे.