हा स्नायू मला आधी कुणी का नाही दाखवला!

सध्या मला कुणीही भेटलं की पाचव्या मिनिटाला मी लघवीवर येते. लग्नात, भिशीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. मुलगी म्हणते, "आई, निदान जेवताना तरी नको." पण काय करू, शोधच असा लागलाय! पन्नाशी उलटल्यावर मला कळलं, की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक अख्खा थर आहे, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा बांधलेला, आणि मूत्राशय, गर्भाशय, मलाशय सगळं त्याच्या आधारावर आहे. मणक्यातला एल-फोर, एल-फाइव्ह आपल्याकडे रिक्षावाल्यालाही ठाऊक असतो. आणि रात्रंदिवस राबणारा हा पेल्विक फ्लोअर मात्र कुणाच्या गावीही नाही. पुरुषांनाही असतो बरं का. त्यांच्यावर येतेच आहे.

गेले होते छोट्याशा तक्रारीसाठी. शिंक आली की थोडी लघवी सुटायची. मैत्रिणींना विचारलं तर सगळ्या हसल्या, कारण सगळ्यांचंच तसं होतं! "दोन बाळंतपणं झाली, चालायचंच," हा आपला ठरलेला उपचार. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी फिजिओथेरपिस्टचं नाव लिहून दिलं तेव्हा मी चिठ्ठी दोनदा वाचली. फिजिओ म्हणजे गुडघा, खांदा, मान. लघवीचा फिजिओ?

असतो! आणि ती आधी वही लिहायला लावते. तीन दिवस, किती वाजता काय प्यायलं, किती वाजता गेलं आणि मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर भरलं. (ते भांडं मी घरात कुठे लपवलं होतं ते विचारू नका.) मूत्राशयात सहज चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं, आणि बाहेर पडण्याआधी 'एकदा जाऊन येऊ' म्हणत आपण शंभर-सव्वाशेवरच ते रिकामं करत राहतो. मग त्याला तशीच सवय लागते. थोडं साठलं की घाई. आता ही सवय बायकांना हौसेनं लागते का? मुंबईत २०११पासून बायकांनी 'राइट टू पी' चळवळ उभी केली ती उगीच नाही. बाहेर जायची सोयच नसेल तर माणूस घरातून जाऊन निघणार, नाहीतर दिवसभर पाणीच पिणार नाही. शरीरशास्त्र आणि महानगरपालिका असे एका वहीत भेटतील असं मला वाटलं नव्हतं.

मग पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. "काकू, लघवी रोखून धरतो ना, तसं आत आणि वर ओढा." मी ओढलं. पार्श्वभाग आवळला, मांड्या आवळल्या, श्वास अडकला, चेहरा लाल झाला असणार. स्क्रीनवर काही म्हणजे काही हललं नाही. ती म्हणाली, "चेहऱ्याची गरज नाही. श्वास सोडत सोडत करा, हळू." आणि मूत्राशयाचा तळ उचलला गेला! काही मिलिमीटर असेल, पण मी ओरडलेच. आजवर माझ्या हुकमात असलेला आणि मला माहीत नसलेला अवयव समोर हलत होता!

त्या रात्री मी वाचत बसले ती बसलेच. ह्या व्यायामांना ज्यांचं नाव चिकटलंय ते आर्नल्ड केगेल लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्यांनी ह्यावर निबंध लिहिला. पण त्यांनी नुसतं 'आवळा-सोडा' सांगितलं नव्हतं! त्यांनी पेरिनिओमीटर नावाचं दाब मोजायचं साधन बनवलं होतं. आवळलं की काटा हलायचा, बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं. मूळ उपचारातलं पाहणं वाटेत गळून पडलं आणि आपल्यापर्यंत आवळणंच तेवढं पोहोचलं, घडीच्या कागदावर छापून. परिणाम काय? १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावला आणि मग मोजून पाहिलं. साधारण निम्म्या जणींनाच तो नीट जमला. पाव जणी तर असा जोर लावत होत्या की गळती वाढायचीच शक्यता! म्हणून तपासणी हवी. कधी स्क्रीनवर, कधी हातमोजा घातलेल्या बोटानं आतून. अर्थात विचारून, आणि 'नको' म्हणायची पूर्ण मुभा देऊन.

ह्या थरात तंतूही दोन जातीचे. बरेचसे मंद, तासन्‌तास आधार धरणारे. काही चपळ, खोकल्या-शिंकेच्या क्षणी धावून येणारे. त्यामुळे व्यायामही दोन तऱ्हांचा, रोखून धरायचा आणि झटक्याचा. आणि शिंक येतेय असं वाटलं की तिच्या आधी क्षणभर आवळायचं. एवढंच! आता मी मिरच्यांची फोडणी बिनधास्त देते.

पण खरी गंमत पुढे आहे. बऱ्याच लोकांचं काम आवळण्याचं नसतंच, सोडण्याचं असतं! थर सैल पडतो तसा तो कायमचा ताठरूनही बसतो, आणि त्याला आणखी आवळायला सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. नव्यानं लग्न झालेली मुलगी, संबंधाच्या वेळी स्नायू आपोआप घट्ट मिटतात, वेदना होतात. घरचे तिला समजावत बसतात किंवा दोष देतात. तिला श्वास, सैल सोडणं, हळूहळू वाढत्या मापाचे डायलेटर आणि गरज पडली तर समुपदेशक, असा रीतसर उपचार आहे. वर्षानुवर्षं बद्धकोष्ठाची चूर्णं खाणारे काका घ्या. मलाशयाला मागून वेढा घालणारा एक स्नायू एरवी वाट दुमडून धरतो आणि शौचाला बसलं की सुटायला हवा. काहींचा कुंथताना उलट घट्ट होतो. चूर्ण त्याला काय करणार? त्याला सुटायला शिकवावं लागतं. (कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्या, उकिडवं बसल्यासारखी वाट सरळ होते.)

आणि मुलं न झालेल्या तरुण मुली! स्वीडनमध्ये ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या ३५ खेळाडूंना विचारलं, २८ जणींना सरावात गळती होत होती. वयं बारा ते बावीस. माझ्या ढोलपथकातल्या भाचीला हे सांगितलं तर ती गप्पच झाली, आणि मग हळूच म्हणाली, "मावशी, नंबर दे."

दादाचं प्रोस्टेट काढायचं ऑपरेशन ठरलंय. त्यानंतर काही काळ लघवी गळणं अगदी सर्रास, आणि हे स्नायू शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच कमवायला शिकवतात. दादा म्हणाला, "बायकांचं असतं ते." वहिनीनं त्याच्या देखतच अपॉइंटमेंट घेतली.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर ह्या उपचाराची सत्रं सरकारी आरोग्यविम्यातून मिळतात. साधारण दहा! आपल्याकडे डिंकाचे लाडू मिळतात, शेक मिळतो, मालिश मिळते, सगळं प्रेमानं. फक्त ज्या थरानं ताणून ताणून बाळाला वाट दिली त्याच्याकडे कुणी बघत नाही. मला राग आलाय, खरंच.

जादू नाही हं ही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनात खोकल्या-शिंकेच्या गळतीला किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम सांगितलाय, आठवड्याभरात काही होत नाही. अंग बरंच बाहेर येत असेल तर आत बसवायची आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. लघवीतून रक्त, ताप, जळजळ असेल तर आधी डॉक्टर. आणि फिजिओकडे जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा: तपासून बघणार का, आणि सैल सोडायलाही शिकवणार का? नुसता छापील कागद हातात आला तर दुसरीकडे जा.