काट्याची भूक

प्रत्येक गृहस्थाला एखादा तरी छंद असा असावा, की ज्याचे समर्थन त्याला घरच्या मंडळींपुढे करता येऊ नये. माझे काही स्नेही जुनी नाणी जमवितात, एकदोघे गुलाब लावतात. मी जुनी यंत्रे उघडून त्यांच्या पोटातील आज्ञा वाचीत बसतो. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविता शिकविता तीस वर्षे लोटली. पण सायंकाळी टेबलावर एखादे मोडके यंत्र उताणे पडलेले नसेल, तर दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो.

गेल्या पावसाळ्यात कळमन्याच्या बाजारातून परतताना एका भंगारवाल्याकडे मला एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा दिसला. शंभर किलोचा, ५०-५० ग्रॅमने मोजणारा. पत्रा गंजलेला, कारखान्याच्या नावाची पट्टी केव्हाच निघून गेलेली. दुकानदाराने तो उचलून आपल्या काट्यावर ठेवला, वजन सांगितले आणि भंगाराच्या भावाने पैसे मागितले. ज्याने जन्मभर इतरांना तोलले, त्याला शेवटी असे तोलले जाताना पाहून मला हसू आले. घासाघीस करण्याचे मात्र सुचले नाही. त्या जातीच्या काट्याशी माझा एक जुना हिशेब राहून गेला होता.

माझे वडील धान्याच्या अडतीवर मापारी होते. १९८८ साली तेथे असाच एक काटा आला आणि त्यांचा लोखंडी तराजू कोपऱ्यात गेला. मी तेव्हा बी.एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. इंटेलच्या ८०८५ या प्रोसेसरचा शिकवणीचा संच नुकताच हाताळू लागलो होतो, आणि त्या वयाला शोभणारी सर्वज्ञता माझ्या अंगी पुरेपूर होती. एके सायंकाळी अडत्या आणि चार हमाल बसलेले असताना वडील म्हणाले, "बाबू, हा काटा चिमूटचिमूट खाऊन टाकते. सांडलेली तूर जमा करून थोडी थोडी टाकली, तर शून्यच दाखवते."

मी ताडकन उत्तर दिले, "बाबा, यंत्राला भूक नसते."

मंडळी हसली. वडीलही हसले. "थांब, दाखवतो तुले," असे म्हणून ते उठले. पण माझी सिनेमाची वेळ झाली होती. मी थांबलो नाही. वडील जाऊन आता चौदा वर्षे झाली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

काटा घरी आणून उघडला तो आत ८०८५च निघाला. शेजारी आज्ञा साठविणारी २७३२ ही चिप. हिच्या पाठीवर क्वार्ट्झची एक इवलीशी खिडकी असते. तीतून अतिनील किरण आत गेले, की लिहिलेले सारे पुसले जाते. थेट उन्हात अशी चिप आठवड्याभरात कोरी होऊ शकते, आणि नागपूरचे ऊन कसले असते हे वाचकांना मी काय सांगावे! खिडकीवरचा कागद अर्धा सुटला होता. पण पत्र्याच्या पेटीने अंधार राखला होता. आतले ४०९६ आकडे मी तीन वेळा उतरवून घेतले. तिन्ही प्रती जुळल्या, तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला.

एवढ्याशा जागेत काय मावणार, असे कोणी विचारील. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत चाळीस-चाळीस द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत. माझ्या काट्याची चिप म्हणजे त्या स्मृतीचे बरोबर दोन पंचमांश. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले आणि टिफ्रॅक मागे पडला. असो.

यंत्राच्या भाषेत शब्द नसतात, नुसते आकडे. षोडशमान पद्धतीने लिहिले, की सी३ म्हणजे 'अमुक जागी जा'. सीडी म्हणजे 'अमुक काम करून परत ये'. एफई म्हणजे 'हातातला आकडा पुढच्याशी ताडून पाहा'. पत्ते उलटे लिहिलेले, आधी शेपूट आणि मग डोके. लिहिणाऱ्याचा हेतू कोठेच नोंदलेला नसतो. तो आपण पेन्सिलीने समासात लिहावयाचा आणि दुसऱ्या रात्री खोडावयाचा. भाष्यावाचून सूत्र लावण्यासारखेच हे आहे. ८०८५ला गुणाकार येत नाही. म्हणून दहाने गुणताना या अज्ञात लेखकाने आकडा दुप्पट करून बाजूला ठेवला, आणखी दोनदा दुप्पट केला आणि दोन्हींची बेरीज घेतली. माझी आजी भाजीचा हिशेब असाच करी. त्या गृहस्थाविषयी मला त्या क्षणी मोठा जिव्हाळा वाटला.

"पण दुसऱ्याचे लिहिलेले असे चोरून वाचणे बरे का?" असे सौभाग्यवतीने मध्यंतरी विचारले. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९९ साली झालेली दुरुस्ती मी तिला सांगितली: आज्ञावलीमागील कल्पना जाणून घेण्यासाठी तिच्या कार्याचा अभ्यास करण्यास मुभा आहे. तिने समाधान झाल्याचे दाखविले.

आश्विनातल्या एका रात्री, बरेच दिवस अडलेला एक तुकडा एकदम उलगडला. त्याचा अर्थ असा: वजन शून्याच्या अगदी जवळ असून स्थिर असेल, तर पारड्यावर जे काही थोडे आहे, त्यालाच नवे शून्य मान. यात लबाडी नाही. धूळ बसते, उन्हाने आतला लोडसेल किंचित बदलतो. ही आज्ञा नसती, तर दुपारपर्यंत रिकामे पारडेही वजन दाखवू लागले असते. वजनमापांचे आंतरराष्ट्रीय नियमही ही दुरुस्ती मान्य करतात. फक्त ती सेकंदाला निम्म्या अंशाहून अधिक नसावी. या काट्यात ती मर्यादा पाळलेली होती. सेकंदाला २५ ग्रॅम! पोते धाडकन पडते, तेव्हा या आज्ञेला वावच मिळत नाही. शेतकऱ्याचे माप पुरे उतरते. चिमटीने टाकलेली तूर मात्र काटा खुशाल गिळतो.

कोणी कोणाला फसविले नव्हते. पण वडील तरी तसे कोठे म्हणाले होते? ज्याचा तराजू गेला, त्या माणसाची ती कुरकुर, असे मीच धरून चाललो. ते निरीक्षण होते. दिवसाच्या शेवटी किती धान्य सांडले हे पाहण्याची त्यांची रीत होती, आणि त्या रीतीतून त्यांना जे दिसले ते त्यांनी माझ्यासारख्या शिकलेल्याला सांगितले. मला तेथवर पोहोचण्यास ४०९६ आकडे आणि दोन महिने लागले.

पुढच्या रविवारी मी काट्याचा वीजपुरवठा दुरुस्त केला आणि बाजारातून किलोभर तूर आणली. रात्री पारड्यावर वर्तमानपत्र अंथरून, शून्य आल्यावर, चिमूटचिमूट टाकू लागलो. प्रत्येक चिमटीनंतर थांबावयाचे. पाव तासाने पिशवी रिकामी झाली. काटा शून्यावरच होता. मग मी कागदाची चारही टोके धरून सारी तूर एकदम उचलली. लाल आकडे लखलखले: उणे १.०००.

सौभाग्यवती दारात उभी होती. तिने विचारले, "अहो, हे उणे कशाचे?"

मी म्हणालो, "थांब, दाखवतो."